हिशेब डाळीचा ठेवा, माणसांचा नको



मला दानाविषयी बोलायला सांगितलंय. पण सुरुवात एका चुकीपासून करतो, कारण ती माझीच आहे.

पुण्यात कोंढव्यात आम्ही काही जण एक छोटी धान्यपेढी चालवतो. मित्राचा रिकामा गाळा, चार मांडण्या, एक वजनकाटा. कुणी डाळ, तेल, साखर, चहापत्ती आणून देतं; ज्याची महिनाअखेर ओढाताणीची असते तो घेऊन जातो. मी सॉफ्टवेअरवाला. हौसेने मोबाइलवर नोंदणी बनवली : नाव, आधार, उत्पन्न आणि पिशवी घेतानाचा फोटो. देणगीदारांना हिशेब दाखवायला हवा ना!

एक खाला दोनदा आल्या, मग यायच्या थांबल्या. रस्त्यात भेटल्यावर विचारलं, तर म्हणाल्या, "तेल होना था बेटा, फोटो नको." त्यांच्या मुलीच्या लग्नाची बोलणी चालू होती आणि आमचा फोटो मोहल्ल्याच्या ग्रुपवर फिरला होता.

उजव्या हाताने दिलेलं डाव्या हाताला कळू नये, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. मी तर अख्ख्या मोहल्ल्याला कळवलं होतं. सूरह बकराच्या 264व्या आयतीत बजावलंय, की उपकार बोलून दाखवून आणि मन दुखवून आपला सदका वाया घालवू नका. फोटो म्हणजे न बोलता दाखवलेला उपकारच.

आता आम्ही फक्त घरात माणसं किती, एवढंच विचारतो. किती किलो आलं, किती गेलं, याचा फलक गाळ्यात लावतो. हिशेब मालाचा चोख, माणसांचा नाही.

धर्मही विचारत नाही. जकातीचे पैसे कुणाला द्यावेत यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत, म्हणून ते आम्ही वेगळे ठेवतो. सदका मात्र कुणालाही देता येतो. सूरह दहरमध्ये गरीब आणि यतीम यांच्याबरोबर कैद्यालाही जेवू घालणाऱ्यांचं कौतुक आहे. त्या काळातला कैदी म्हणजे बहुधा लढाईत पकडलेला विरोधक. मग शेजारच्या गल्लीतल्या मावशींना नाही म्हणायचं कशाच्या आधारावर?

आता तुमच्याकडून काय हवं ते सांगतो. रमजानमध्ये आमच्याकडे ठेवायला जागा नसते. जूनमध्ये वह्या-पुस्तकांचा खर्च येतो, पावसात बांधकामावरची रोजंदारी थांबते, तेव्हा मांडण्या रिकाम्या असतात. म्हणून एकदाच पाच हजार देण्यापेक्षा दरमहा चारशे द्या. शक्यतो पैसेच द्या. घाऊक बाजारात त्यात जास्त डाळ येते. वस्तू देणार असाल, तर आपल्या घरात वापराल तशीच द्या. मुदत संपलेली पाकिटं आणून सवाब मिळत नाही, आम्हाला कचरा मिळतो.

आणि वेळ द्या. पाकिटं भरायला हात लागतात, पण त्याहून जास्त गरज आहे कागदपत्रं समजणाऱ्यांची. 2013च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येकाला महिन्याला 5 किलो धान्य आणि अंत्योदय कुटुंबाला 35 किलो धान्य हा हक्क आहे. चार माणसांच्या प्राधान्य घराचे 20 किलो झाले. आमच्या पिशवीत तेवढं कधीच मावत नाही. तरी कुणाचं नाव कार्डावर चढलेलं नसतं, कुणाचा अंगठा मशीनवर उमटत नाही. बिहारहून आलेल्या मजुराला आपलं धान्य इथल्या रेशन दुकानात घेता येतं, हे कित्येकदा माहीतच नसतं. एका रविवारी तुम्ही दोन अर्ज नीट भरून दिलेत, तर दोन घरांना दर महिन्याला आमच्याकडे यावं लागणार नाही.

धान्यपेढी हक्काच्या जागी उभी करायची नाही. हक्काचं धान्य घरी पोचेपर्यंत आणि रेशनवर न मिळणाऱ्या डाळ-तेलासाठी ती हवी.

त्या खाला नंतर आल्या. त्यांनी तेल घेतलं, आणि दुसऱ्या रविवारपासून पाकिटं भरायला बसू लागल्या. आम्ही कुणीच त्यांचा फोटो काढला नाही.