लेकराची चूक नाही, हे गावानं म्हटलं पाहिजे
(जिल्हा बैठकीतील भाषण)



या बैठकीत आपण नेहमी कापसाचा भाव आणि ज्वारीचा खर्च बोलतो. आज लेकराबाळांचं बोलायचं आहे.

गावात एखाद्या लेकरावर अत्याचार झाला की चावडीवर काय ठरतं? "मिटवून टाका. अब्रू जाईल. पोरीचं लग्न कसं व्हायचं?" गुन्हेगार मोकळा फिरतो आणि लेकराचं घर मान खाली घालून जगतं. बाजारात आपला माल लुटला जातो तेव्हा दोष आपण लुटणाऱ्याला देतो. मग इथं लुटल्या गेलेल्यालाच का?

कायदा काय म्हणतो, ते पाठ करू. २०१२ सालचा पोक्सो कायदा १८ वर्षांखालच्या मुलगे-मुली दोघांसाठी आहे. माहिती असून पोलिसांना न कळवणं हाही त्यात गुन्हा आहे. चावडीवर मिटवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. लेकराला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. जबाब त्याच्या घरी किंवा ते म्हणेल तिथं, गणवेश न घालता घ्यायचा. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनंच करायची. कोर्टात लेकराच्या विश्वासाचं माणूस सोबत बसू शकतं. २०१३ पासून राज्यात मनोधैर्य योजना आहे; तिच्या मदतीसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं. अडलं तर १०९८ हा फोन फुकट आहे.

पण कोर्टाच्या निकालानं लेकराची झोप परत येत नाही. ते रात्री दचकतं, अंथरूण ओलं करतं, शाळेला नको म्हणतं. ही नाटकं नव्हेत, भीती अंगात मुरलेली असते. त्याला रागावू नका. जो तो येऊन "काय झालं?" विचारतो, ते थांबवा. जेवण, शाळा, खेळ यांच्या वेळा मोडू नका. "तुझी चूक नाही" हे पुन्हा पुन्हा सांगा. महिना उलटूनही उतार पडला नाही, तर जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञाला दाखवा. जीव द्यायची भाषा केली, तर एक दिवसही थांबू नका.

गारपिटीत कपाशीचा शेंडा मोडला म्हणून आपण झाड उपटत नाही. बुडखा जिवंत असला तर खालून फूट येते. पण तेव्हाच निंदण, खुरपण जास्त लागतं.

आई-बापही त्याच माराखाली असतात. ऐन वेचणीत तारीख पडते, मजुरी बुडते, फुटलेला कापूस झाडावर राहतो. इथं आपलं काम सुरू होतं. पेरणीला इर्जिक करतो, तशी त्या घरची वेचणी करू. तारखेला दोन बाया, दोन गडी सोबत जाऊ. लेकराचं नाव कुठंही उच्चारणार नाही; कायद्यानंही ते उघड करायला बंदी आहे.

प्रत्येक गावशाखेनं आज दोनच ठराव करावेत: आमच्या गावात लेकरावरचा गुन्हा चावडीवर मिटणार नाही, आणि त्या घरचं शेत पडीक राहणार नाही.