ऋण, लज्जा आणि कल्याणमित्र

(वर्षावासाच्या समाप्तीनिमित्त विहारात भरलेल्या सभेतील भाषण)



या वर्षावासात एका सायंकाळी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन आटोपल्यावर आम्ही आठनऊ स्नेही नेहमीप्रमाणे हिशेबाच्या वह्या उघडून बसलो होतो. तेव्हा एका वयोवृद्ध उपासकांनी मला बाजूस बोलावून विचारले, “तृष्णा सोडा असे सांगणाऱ्या तथागतांच्या मूर्तीसमोर तुम्ही व्याजाची गणिते मांडता, हे शोभते काय?” प्रश्न रागाने नव्हे, कळकळीने विचारलेला होता. त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. आज ते देण्याचा यत्न करतो.

भगवंतांनी भिक्खूस अपरिग्रह सांगितला. गृहस्थास दारिद्र्य सांगितलेले नाही. अंगुत्तरनिकायात दीघजाणु नावाचा एक कोलिय गृहस्थ भगवंतांकडे येतो आणि आम्हां संसारी माणसांच्या हिताचे काही सांगा, अशी विनंती करतो. भगवंत त्यास चार गोष्टी सांगतात: उद्योगीपणा, मिळविलेल्या धनाचे रक्षण, कल्याणमित्रांची संगती आणि समजीविका, म्हणजे आवक पाहून जावक ठेवणे. अनाथपिंडिकास गृहस्थाची जी चार सुखे सांगितली, त्यांत एक अनणसुख, म्हणजे कोणाचेही देणे नसण्याचे सुख, हे आहे. आणखी एका सुत्तात दारिद्र्याचे दुःख कसे वाढत जाते, ते सांगितले आहे. दारिद्र्यातून ऋण, ऋणातून व्याज, व्याज थकले की तगादा, तगाद्यामागून पाठलाग आणि शेवटी बंधन. आपल्या वस्तीतील कोणत्याही गल्लीत हे सुत्त वाचून दाखवा. ते अडीच हजार वर्षांपूर्वीचे आहे, असे कोणास वाटणार नाही.

आता दुसऱ्या परंपरेने काय सांगितले तेही पाहा. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात व्याजाचे दर वर्णाप्रमाणे लावून दिलेले आहेत: ब्राह्मणाकडून महिना शेकडा २, क्षत्रियाकडून ३, वैश्याकडून ४ आणि शूद्राकडून ५. म्हणजे वर्षाचे २४ टक्के एकास आणि ६० टक्के दुसऱ्यास! अंत्यजाचा तर त्या श्लोकात उल्लेखही नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडास परमपूज्य बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली जी पोथी अग्नीस अर्पण झाली, तीत हा दरही होता, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. पोथी जळाली, परंतु ज्याच्यापाशी तारण नाही, ओळख नाही, पगाराचा दाखला नाही, त्याने सर्वांत जड व्याज द्यावयाचे, हा व्यवहार अद्यापि जळालेला नाही. आजही खाजगीत महिना शेकडा १० या दराने पैसे उचलले जातात. दहा हजार घेणारा वर्षभरात बारा हजार व्याज भरतो आणि मुद्दलाचे दहा हजार जसेच्या तसे डोक्यावर राहतात.

आपणांस हिशेब का येत नाही, असे कोणी टोचून विचारले तर मला त्याचा राग येतो. आपल्या वाडवडिलांच्या श्रमाचा मोबदला शतकानुशतके बलुत्याच्या धान्यात आणि शिळ्या भाकरीत मिळाला. मुंबई राज्यातील महार वतने कायद्याने रद्द झाली ती १९५८ साली. ज्याच्या हाती रोकड कधी आलीच नाही, त्याच्या घरी रोजकीर्द कोठून असणार? आणि याच समाजात जन्मलेल्या एका पुरुषाने १९२३ साली लंडनमध्ये रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध प्रसिद्ध केला! त्या पुरुषाच्या तसबिरीस आपण हार घालतो आणि कर्जाच्या कागदावर न वाचता अंगठा किंवा सही करतो.

आता आमच्या मंडळाविषयी. मंडळ म्हणणेही अधिक होईल. दोन शिक्षक, एक रिक्षाचालक, इस्पितळात आयाचे काम करणाऱ्या एक ताई, भाजी विकणाऱ्या दोघी, एक महाविद्यालयीन तरुण आणि मी. पहिल्या दोन बैठकींत बचतीचे महत्त्व, काटकसर वगैरे चांगलीचुंगली भाषणे झाली; वही मात्र कोणीही दाखविली नाही. कर्जाची लाज ही कर्जाहून जड असते. अखेर मी आरंभ केला. नोकरीत असताना एका सहकाऱ्यास मी एका पतसंस्थेत जामीन राहिलो, कागद वाचला नाही, आणि तो परगावी निघून गेल्यावर चार वर्षे माझ्या पगारातून कपात झाली. ही गोष्ट मी घरीदेखील वर्षभर लपविली होती. मी बोलून गप्प झालो. थोड्या वेळाने एक ताई म्हणाल्या, “मुलीच्या लग्नाचं कर्ज मी अजून फेडते आहे, आणि नात आता शाळेत जाते.” त्यानंतर कोणी कोणास आग्रह करावा लागला नाही.

बंधुभगिनींनो, आपला विवाहविधी त्रिशरण-पंचशील आणि पुष्पहार यांनी पाऊण तासात आटोपतो. मग मंडप, पंगत आणि वाजंत्री यांसाठी पाच वर्षांचे हप्ते कोणत्या धम्माने सांगितले?

त्याच ताईंच्या कागदांवरून आम्ही एक गणित शिकलो. बारा हजारांचे कर्ज, व्याज “फक्त शेकडा १२”, बारा हप्ते. वर्षाचे व्याज १,४४०, म्हणून महिन्याचा हप्ता १,१२०. वरकरणी सरळ दिसते. परंतु सहा महिन्यांत निम्मे मुद्दल परत गेलेले असते, आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पुऱ्या बारा हजारांवर आकारलेले असते. खरा दर वर्षाला साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास पडतो. ताईंनी हे स्वतः फळ्यावर मांडले तेव्हा त्या हसल्या नाहीत, रडल्याही नाहीत; खडू खाली ठेवून एवढेच म्हणाल्या, “हे मला आधी कुणी का नाही सांगितलं?”

या अभ्यासातून काही हक्कही हाती आले. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांस विनातारण दिल्या जाणाऱ्या कर्जांसंबंधी रिझर्व्ह बँकेने २०२२ साली नियम घालून दिले. घरातील सर्व कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. सकाळी नऊपूर्वी व सायंकाळी सहानंतर वसुलीसाठी तगादा लावता येत नाही. शिवीगाळ व धमकी यांस मनाई आहे. मुदतीपूर्वी कर्ज फेडले तर दंड घेता येत नाही. कर्जाचा तपशील आपणांस समजेल अशा भाषेत लेखी मागण्याचा अधिकार आहे. खाजगी सावकारास २०१४ च्या महाराष्ट्र अधिनियमाप्रमाणे परवाना लागतो. विनापरवाना सावकारी हा गुन्हा असून सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार करता येते. तसेच बँकेतील पाच लाखांपर्यंतच्या ठेवींस विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीस किंवा शेजारच्या भिशीस ते नाही. आमच्यापैकी तिघांना हा भेद ठाऊक नव्हता, आणि त्यांत मी होतो.

आता वादाची गोष्ट. काही तरुणांचे म्हणणे असे की, आपण आपसांत वर्गणी काढून गरजूंस कर्ज द्यावे. त्यांच्या हेतूविषयी मला आदर आहे. १९२० साली बाबासाहेब अपुरे शिक्षण पुरे करण्यास लंडनला निघाले, तेव्हा स्वतःच्या शिलकीबरोबर मित्र नवल भथेना यांजकडून घेतलेले पाच हजार रुपये कामी आले, हे खरे. तरीही आज माझा या सूचनेस विरोध आहे. तो एका मित्राचा दुसऱ्या मित्रावरील विश्वास होता. दहाजणांचा पैसा दहाजणांत फिरू लागला की हिशेबनीस, दप्तर, तपासणी हे सारे लागते, आणि ते येण्यापूर्वीच पहिला हप्ता थकला तर विहारात एकमेकांसमोर बसणे कठीण होईल. एक वर्ष कागद वाचावयास शिकू. नंतर रीतसर बचत गट नोंदवावयाचा की नाही, ते ठरवू. तरुणांना हे मान्य नाही, हे मी जाणतो. त्यांनी आपली बाजू पुढील बैठकीत मांडावी.

त्या वयोवृद्ध उपासकांनाही माझी विनंती आहे की, त्यांनी त्या बैठकीस यावे. ती येत्या रविवारी सायंकाळी वंदनेनंतर येथेच होईल. ज्यांच्यापाशी कर्जाचा, विम्याचा किंवा जामिनाचा कागद असेल, त्यांनी तो बरोबर आणावा. चष्मा विसरू नये. जय भीम.