मॅमोग्राफीच्या रिपोर्टनंतरचे दिवस

आजचा विषय बायकांइतकाच घरातल्या बंधूंच्याही कामाचा आहे.

मॅमोग्राफी म्हणजे स्तनांची क्ष-किरण तपासणी. ती करून घ्या, असं तुम्ही अनेकदा ऐकलं असेल. मला बोलायचंय ते त्यानंतरच्या दिवसांबद्दल. ‘काहीतरी दिसतंय, सोनोग्राफी करू’, ‘बायोप्सी लागेल’, ‘सहा महिन्यांनी परत या’ असं डॉक्टर सांगतात, आणि पुढची तारीख येईपर्यंत त्या बाईचा जीव टांगणीला लागतो. असे रिपोर्ट लिहिणं हे माझं रोजचं काम आहे. तो कागद हातात पडल्यावर बायकांचे चेहरे कसे उतरतात, तेही मी रोज पाहते.

एकदा सोनोग्राफीच्या खोलीबाहेर एक सासू आणि सून बसल्या होत्या. दोघींचे डोळे रडून सुजलेले. सुनेनं रिक्षातच पाकीट उघडलं होतं. शेवटच्या ओळीत ‘बायरॅड्स ४’ असं वाचलं आणि तिला वाटलं, सासूबाईंना चौथ्या स्टेजचा कॅन्सर आहे. जेवणाचा डबा पिशवीत तसाच होता.

हा घोटाळा इतक्या घरांत होतो, की मला तो नीट उलगडून सांगितलाच पाहिजे. बायरॅड्सचा आकडा म्हणजे कॅन्सरची स्टेज नव्हे. रिपोर्ट लिहिण्याची ही पद्धत अमेरिकेतल्या रेडिऑलॉजिस्टांच्या संस्थेनं १९९३ मध्ये आणली. चित्र पाहून शंका किती आणि पुढे काय करायचं, एवढंच तो आकडा सांगतो. १ आणि २ म्हणजे काळजीचं काही नाही. ३ म्हणजे बहुधा साधी गोष्ट. अशा १०० बायकांमध्ये कॅन्सर निघतो तो दोघींना किंवा त्याहूनही कमी जणींना, म्हणून सहा महिन्यांनी पुन्हा पाहायचं. ४ म्हणजे शंका आहे, तुकडा तपासायला हवा. पण या चारचा पल्ला फार मोठा आहे, शंभरात दोनपासून पंच्याण्णवपर्यंत. त्यामुळे त्याचे ए, बी, सी असे भाग केलेत. ‘४ ए’ असेल तर शक्यता दहा टक्क्यांपर्यंतच. ५ आला तर मात्र कॅन्सरची शक्यता फार मोठी असते, आणि तेव्हा बायोप्सीला उशीर करून चालत नाही.

आणि शून्य? शून्य आला की लोक सुटकेचा श्वास टाकतात. खरं तर शून्य म्हणजे तपासणी अपुरी आहे. आणखी फोटो हवेत, सोनोग्राफी हवी किंवा जुन्या फिल्म पडताळून पाहायला हव्यात. कधी काखेतल्या पावडरीचे किंवा डिओडरंटचे कणही फिल्मवर ठिपक्यांसारखे दिसतात. म्हणून तपासणीच्या दिवशी ते लावून येऊ नका.

त्या सासूबाईंचा आकडा ‘४ ए’ होता. मी तो समजावून सांगितला. बायोप्सी टळली नाही, भीतीही गेली नाही. पण दोघींनी डबा उघडला आणि चार घास खाल्ले.

मी त्यांना ‘घाबरू नका’ म्हटलं नव्हतं. माझ्या मते त्या दोन शब्दांचा फारसा उपयोग होत नाही. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, आणि पुढे काय होणार ते ठाऊक नसलं की मन आणखीच भरकटतं. म्हणून बायोप्सीत काय करतात, तेही सांगते. जागा बधिर करण्याचं इंजेक्शन देतात. मग सोनोग्राफीत पाहत सुई आत नेतात. ‘टक्’ असा मोठा आवाज होतो. तो सुईच्या यंत्राचा असतो, त्यानं दचकू नका. शेवयांसारखे बारीक तुकडे निघतात. सुई लावली की गाठ पसरते, असं शेजारपाजारी सांगतात. ते मनावर घेऊ नका, या भीतीनं तपासणी टाळण्यातच खरा धोका आहे.

ते तुकडे आधी औषधात काही तास भिजवावे लागतात, मग मेणात बसवून त्यांचे पातळ काप काढतात, रंगवतात, आणि मग पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. कधी आणखी खास चाचण्या लागतात. या सगळ्याला दिवस लागतात. रिपोर्ट उशिरा येतोय म्हणजे काही वाईटच निघालं, असा अर्थ लावू नका.

आता घरातल्यांसाठी. कितीतरी बायका हे कोणाला सांगत नाहीत. मुलीचं लग्न ठरतंय, धाकट्याची परीक्षा आहे, असं म्हणत घोर एकट्याच पोटात ठेवतात. साऱ्या गावाला सांगू नका, पण एका माणसाला नक्की सांगा, आणि पुढच्या खेपेला त्याला बरोबर न्या. घाबरलेल्या माणसाला डॉक्टरांचं निम्मं बोलणं ऐकूच येत नाही. बंधूंनो, ‘काही नसेल गं’ म्हणून विषय बंद करू नका. तिच्याबरोबर जा, शेजारी बसा, डॉक्टर सांगतील ते लिहून घ्या.

रात्री मोबाइलवर शोधाशोध करू नका. डोक्यात येणारे प्रश्न वहीत उतरवा आणि डॉक्टरांना विचारा. काळजीसाठी दिवसातली एक वेळ ठरवून ठेवा. इतर वेळी विचार आला तर त्याला त्या वेळेवर ढकला. हे पहिल्या दिवशी जमत नाही, चार दिवसांनी थोडं जमू लागतं. रोजची कामं, चालणं, भजनी मंडळ चालू राहू द्या. तरीही झोप उडाली, अन्न जाईना, छाती धडधडत राहिली, तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फोन करा. सरकारची ही मानसिक आरोग्य सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि तिथं मराठीतून बोलता येतं.

शेवटी एक विनंती. दवाखान्यातून निघण्यापूर्वी तीन गोष्टी विचारून घ्या: माझा आकडा किती, पुढची तपासणी कोणती आणि रिपोर्ट कोणत्या तारखेला. त्या तारखेला रिपोर्ट आला नाही तर स्वतः फोन करा. आणि सहा महिन्यांनी बोलावलं असेल, तर बरं वाटतंय म्हणून ती खेप चुकवू नका.