धार



गेल्या आषाढात मुरबाडच्या पुढे, माळशेज घाटाच्या पायथ्याकडच्या एका गावात एस.टी.ची वाट पाहत मी एका घराच्या ओटीवर बसलो होतो. "पाऊस पडतोय, थांबेल थोड्या वेळानं," असं मी आपलं म्हणून गेलो. घरच्या आजी हसल्या. "पडतोय कुठं? धार धरलीय त्यानं!" पडणारा पाऊस थांबतो; धार धरलेला पाऊस मुक्कामालाच आलेला असतो.

त्याच ओटीच्या कडेला आजींचा मुलगा कोयत्याला धार लावत बसला होता. दगडावर पाणी शिंपडायचं, पातं तिरकं धरून पुढं न्यायचं, अंगठ्यानं हळूच चाचपायचं. आणि मागं गोठ्यात सून म्हशीची धार काढत होती. रिकाम्या बादलीत पहिली धार चर्रकन वाजते. दूध वर चढू लागलं की तोच आवाज जड, फेसाळ होत जातो. एका छपराखाली तीन धारा, आणि कुणाच्याही मनात घोटाळा नाही.

प्रवाह आणि पात्याची कड हे दोन्ही अर्थ संस्कृतातल्या 'धारा' या शब्दातच आहेत. दोन्हींत समान काय, तर बारीकपणा आणि सलगपणा, असं मला वाटतं. आपल्याकडे डोंगराचीही धार असते. वाटाड्या म्हणतो, "या धारेनं वर चला," तेव्हा तो पाण्याबद्दल बोलत नसतो. धारातीर्थी पडणारा वीर नदीत बुडालेला नसतो, तलवारीच्या धारेला त्यानं तीर्थ मानलेलं असतं. साहेब कारकुनाला धारेवर धरतात तीही पात्याचीच, दुधाची नव्हे! मोहाच्या दारूतली पहिल्या धारेची सर्वांत कडक, म्हणून झणझणीत बोलणंही पहिल्या धारेचं. या शब्दाचा आणखी एक अर्थ शाळकरी पोरांना पक्का ठाऊक आहे. तो आकाशवाणीवरून सांगण्याजोगा नाही.

धार खाली पडते असं आपण धरून चालतो. मुरबाडकडून वैशाखऱ्याची वाट चढून पावसाळ्यात नाणेघाटात जा. कड्याला थडकलेला वारा कोसळत्या पाण्याला उचलतो आणि धार उलटी वर जाते, आपल्याच तोंडावर.

आता वैशाखात शहापूरला चला. तानसा धरण 1892 सालचं, भातसाही याच तालुक्यात. पाणी मात्र मुंबईला जातं. 'धरण उशाला, कोरड घशाला' ही इथली म्हण उगाच रुळलेली नाही. पाड्यावर टँकर येतो, जाड नळी विहिरीत सोडतात. मनगटाएवढी धार खाली आदळते आणि काठावरच्या बायका लगेच पोहरे सोडतात, गढूळ तर गढूळ. हळूहळू धार करंगळीएवढी होते, थरथरते, मग नुसते थेंब. "धार तुटली," एकजण म्हणते आणि दोर भराभर ओढू लागते.

आषाढातल्या त्या ओटीवरही दुसऱ्या दिवशी दुपारी आजी हेच म्हणाल्या होत्या. "धार तुटली, निघा आता." छपराच्या पागोळ्या तेवढ्या गळत होत्या, आणि माझी एस.टी. आली होती.