लक्ष आणि पाळत



यंदाच्या व्याख्यानासाठी मोबाईल फोनवरून ठेवल्या जाणाऱ्या पाळतीचा विषय मी निवडला, तेव्हा साहित्यसंस्थेच्या व्यासपीठावर हा विषय कशाला, असे काहींच्या मनात आले असेल. पण या विषयाचे मूळच दोन मराठी शब्दांत आहे. आपण लक्ष देतो आणि आपण पाळत ठेवतो. आई स्वयंपाक करता करता अंगणातल्या पोराकडे लक्ष देते, ते त्या पोराला ठाऊक असते. मध्येच मान वर करून ते आई आहे ना, हे पाहून घेते आणि निर्धास्त खेळते. पाळत ठेवणारा आडोशाला उभा असतो. ज्याच्यावर पाळत आहे त्याला ती कळली, की तिचा उपयोग संपतो. दोन्हींत डोळे तेच असतात, पण नाते वेगळे असते. आज फोनच्या पडद्यावर हे दोन शब्द एकमेकांत मिसळू लागले आहेत, आणि त्याची झळ आपल्या घरांना लागते आहे.

आपल्यासारख्या पिढ्यानपिढ्या हैदराबादेत राहिलेल्या कुटुंबांत हा प्रश्न विशेष आहे. आजी-आजोबा काचीगुड्यात किंवा सुलतान बाजारच्या जुन्या घरात, मुलगा आणि सून हायटेक सिटीत रात्रपाळीला, एक नात पुण्याला शिकायला, दुसरी अमेरिकेत. घर एवढे विखुरले, की कोण कुठे आहे हे जाणून घेण्याची ओढ वाढणारच. त्या ओढीला मी नावे ठेवणार नाही. ती ओढ कुठपर्यंत योग्य आणि कुठून पुढे ती घर पोखरू लागते, एवढेच आज पाहायचे आहे.

प्रथम यंत्राचे काम समजून घेऊ. उपग्रह वरून आपल्याला पाहत असतो, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती खरी नाही. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि 'मी इथे आहे, आता इतके वाजले आहेत' असे संदेश सतत सोडत राहतात. आपला फोन ते नुसते ऐकतो. निदान चार उपग्रहांचे संदेश मिळाले, की कोणता संदेश किती वेळाने पोहोचला यावरून फोन स्वतःची जागा गणिताने काढतो. उपग्रहाला आपण कुठे आहोत याची गंधवार्ताही नसते. रेडिओलहर सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात ३०० मीटर जाते. वेळ मोजण्यात एवढीशी गफलत झाली, तर माणूस एका चौकातून दुसऱ्या चौकात जाऊन बसेल. ही व्यवस्था मुळात अमेरिकेच्या लष्करासाठी उभी राहिली, आणि सामान्य नागरिकांना मिळणारी अचूकता मुद्दाम कमी ठेवलेली असे. ते बंधन मे २००० मध्ये उठले, आणि ही विद्या पुढे खिशातल्या फोनपर्यंत आली.

दगडी भिंतींच्या आत, तळघरात किंवा उंच इमारतींच्या दाटीत उपग्रहांचे संदेश नीट पोहोचत नाहीत. तेव्हा फोन आसपासची वाय-फाय यंत्रे आणि मोबाईलचे टॉवर यांवरून अंदाज बांधतो. टॉवरवरून बांधलेला अंदाज शहरात शेकडो मीटरने आणि गावाबाहेर काही किलोमीटरनेही चुकू शकतो. नकाशावर निळ्या ठिपक्याभोवती जे फिकट वर्तुळ दिसते, ते या अनिश्चिततेचेच असते. फोन या वर्तुळात कुठेतरी आहे, इतकेच यंत्राचे म्हणणे असते. आपण वर्तुळ विसरतो आणि ठिपक्यावर बोट ठेवतो. शिवाय फोनची बॅटरी संपली किंवा नेट गेले, तर पडद्यावर बराच वेळ जुनीच जागा राहते.

आता विचार करा. कोठीच्या एखाद्या ग्रंथालयात अभ्यास करत बसलेल्या मुलीचा ठिपका शेजारच्या लॉजवर पडला आणि तो बापाने गुपचूप पाहिला. उघड व्यवहार असता, तर त्याने फोन करून विचारले असते आणि अर्ध्या मिनिटात उलगडा झाला असता. पण तो विचारू शकत नाही, कारण विचारले की आपण पाहत होतो हे उघड होते. मग तो गप्प बसतो आणि त्याच्या मनात संशय मुरत जातो. गुप्त पाळतीची ही पहिली मर्यादा आहे, आणि ती यंत्र कितीही सुधारले तरी जाणार नाही. गुपचूप मिळवलेली माहिती वापरायची म्हटली की गुपित फुटते, आणि न वापरावी तर ती विषासारखी पोटात बाळगावी लागते.

हेरगिरीचे शास्त्र लिहिणाऱ्यांना ही अडचण ठाऊक होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हेरांची सविस्तर व्यवस्था आहे, आणि तिथे एक सावधगिरीही सांगितली आहे: एकमेकांना न ओळखणाऱ्या तीन हेरांची बातमी जुळली, तरच ती खरी धरावी. राज्य चालवणारा माणूससुद्धा एका हेराच्या सांगण्यावर विसंबत नव्हता. आपण मात्र एका ठिपक्यावर संसाराचा निकाल लावायला निघतो. तो ठिपकाही फोन कुठे आहे एवढेच सांगतो. माणूस तिथे का गेला, कुणासाठी गेला, कोणत्या मनःस्थितीत गेला, हे सांगायला तिथे दुसरा साक्षीदार नसतो.

मराठेशाहीच्या इतिहासात दोन प्रकारची माणसे भेटतात. एक हेर, जसे शिवछत्रपतींच्या हेरखात्याचे प्रमुख बहिर्जी नाईक. दुसरे वकील, जसे निजामाच्या दरबारातील पेशव्यांचे वकील गोविंदराव काळे. वकिलाचे काम लपलेले नव्हते. हे गृहस्थ पुण्याला पत्रे लिहितात, हे दरबारात सर्वांना माहीत असे, आणि ते माहीत असूनच त्यांच्याशी बोलणी होत. हेर पाठवायचा तो शत्रूच्या गोटात. घरातल्या माणसामागे हेर लावला, की त्या क्षणी आपण आपल्याच घराला शत्रूचा गोट ठरवलेले असते. पुढे काय हाती लागते, हा नंतरचा प्रश्न.

फोनवरही हे दोन प्रकार आहेत. व्हॉट्सअॅपवर २०१७ पासून आपली चालती जागा दुसऱ्याला कळवता येते. त्यासाठी पंधरा मिनिटे, एक तास किंवा आठ तास यांपैकी मुदत निवडावी लागते, आणि ती केव्हाही मध्येच थांबवता येते. गुगल मॅप्समध्येही अशी सोय आहे. इथे जागा कळवणारा स्वतःच्या हाताने ती कळवतो. ही वकिली झाली. दुसरा प्रकार म्हणजे फोनमध्ये लपून बसणारी अॅप्स. त्यांसाठी बहुतेक वेळा कुणाला तरी तो फोन थोडा वेळ हातात घ्यावा लागतो, कुलूप उघडावे लागते, फोनची सुरक्षा-तपासणी बंद करावी लागते. म्हणजे हे काम परक्याला सहसा जमत नाही. घरातल्याच, विश्वासातल्या माणसाला जमते, आणि हीच त्यातली दुःखाची बाजू आहे.

गुगलच्या अॅप-दुकानाचा नियम सांगण्यासारखा आहे. पालकांनी मुलांसाठी वापरायच्या देखरेखीच्या अॅपला तिथे परवानगी आहे, पण असे अॅप चालू असल्याची सूचना फोनवर सतत दिसली पाहिजे. जोडीदारावर नजर ठेवण्यासाठी अशी अॅप्स तिथे विकता येत नाहीत. म्हणून लपणारी अॅप्स आडवाटेने येतात, आणि घरातल्या माणसाचे फोटो, संदेश, येणे-जाणे एखाद्या अनोळखी कंपनीच्या संगणकात साठवतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२१ मध्ये स्पायफोन नावाच्या अशा कंपनीला या धंद्यातून बाहेर काढले. गोळा केलेली माहिती तिने नीट सुरक्षितही ठेवली नव्हती. बायकोवर किंवा मुलीवर डोळा ठेवणाऱ्याने तिचे सारे आयुष्य तिसऱ्याच्याच हवाली केलेले असते.

कायदा काय म्हणतो, तेही पाहू. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. जुलै २०२४ मध्ये याच न्यायालयापुढे वेगळा प्रश्न आला. जामिनावर सुटणाऱ्या आरोपीने गुगल मॅप्सवरची आपली जागा तपास अधिकाऱ्याला दिसेल अशी ठेवावी, ही अट घालता येईल का? न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्जल भुयान यांच्या पीठाने ती अट रद्द केली. न्यायमूर्ती भुयान त्याआधी आपल्याच तेलंगणा उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. आरोपीच्या प्रत्येक हालचालीवर पोलिसांना सतत नजर ठेवता येईल अशी अट त्याच्या खासगीपणाच्या हक्काचा भंग करते, असे त्या निकालाचे सार आहे. अमली पदार्थांच्या गुन्ह्यातील आरोपीलाही जे संरक्षण मिळते, ते आपल्या सुनेला, मुलाला किंवा वृद्ध वडिलांना घरात मिळू नये काय?

दुसऱ्याच्या फोनमध्ये त्याच्या परवानगीवाचून शिरकाव करणे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ खाली येते, आणि त्यात लबाडीचा हेतू असेल तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पुरुषाने स्त्रीच्या इंटरनेट, ई-मेल किंवा अन्य इलेक्ट्रॉनिक संपर्कावर पाळत ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. याच्या उलट बाजूचा एक निकालही सांगितला पाहिजे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पती-पत्नीच्या दाव्यात गुपचूप केलेले ध्वनिमुद्रण पुरावा म्हणून घेता येईल असे ठरवले. त्याचा अर्थ पाळतीला मुभा मिळाली असा काही जण काढतात. पुरावा दाखल होणे वेगळे आणि तो मिळवण्याची रीत योग्य ठरणे वेगळे. पती-पत्नी एकमेकांवर हेरगिरी करू लागले असतील, तर ते नाते आधीच मोडल्याचे लक्षण आहे, असेही त्याच निकालात म्हटले आहे.

आता घरातल्या तीन नात्यांकडे वळू.

पहिले, मूल. दहा वर्षांच्या मुलाला 'तू कुठे आहेस ते आम्हांला दिसते' असे सांगून ते पाहण्यात काही गैर नाही. वय वाढेल तसे ते पाहणे कमी व्हावे, जसा सायकल शिकवताना आपण मागचा हात हळूहळू सोडतो. गुपचूप पाहिले, तर मूल एक ना एक दिवस ओळखतेच. मग ते फोन मैत्रिणीकडे ठेवून जाते, किंवा जागा खोटी दाखवण्याची युक्ती शिकते; तशी सोय फोनमध्येच मिळते. आता पडद्यावरचा ठिपका ग्रंथालयात शांत दिसतो आणि मूल भलतीकडे असते. ज्या दिवशी खरोखर मदतीची गरज पडेल, नेमके त्याच दिवशी ठिपका आपल्याला फसवील, आणि मूलही फोन करायला कचरेल, कारण फोन केला की चोरी उघडी पडते.

दुसरे, पती-पत्नी. इथे एकाचे फोनवर राज्य आणि दुसऱ्यावर पहारा, असे असेल तर त्याला काळजी म्हणणे शब्दाचा अपमान आहे. एखाद्या भगिनीला आपल्या फोनमध्ये असे काही आहे अशी शंका आली, तर सेटिंग्जमध्ये जाऊन कोणत्या अॅपला जागा पाहण्याची कायमची परवानगी आहे ते पाहावे, आपले गुगल खाते आणखी कोणत्या उपकरणावर उघडे आहे ते तपासावे. मात्र घरात मारहाणीची भीती असेल, तर ते अॅप घाईने काढू नये. काढले की पाळत ठेवणाऱ्याला ते कळते आणि धोका वाढू शकतो. आधी दुसऱ्या सुरक्षित फोनवरून विश्वासातल्या माणसाशी, महिला मदतवाहिनी १८१ शी किंवा आपल्या शहरातील पोलिसांच्या शी टीम्सशी बोलावे.

तिसरे, वृद्ध आई-वडील. विसरभोळेपणा वाढलेल्या वडिलांना रस्ता सापडेनासा होतो, तेव्हा त्यांची जागा कळणे हा मोठाच आधार असतो. पण ते भानावर असतात तोवरच त्यांना विचारावे, कोणी पाहायचे आणि केव्हा पाहायचे ते त्यांच्या तोंडून ठरवून घ्यावे. ज्यांनी घर उभे केले, त्यांच्या खिशात त्यांच्या नकळत काही ठेवण्याइतके आपण घाईत नसावे.

तिन्ही ठिकाणी कसोटी एकच आहे. जे करत आहोत ते त्या माणसाच्या तोंडावर सांगता येते का? ते थांबवण्याचा मार्ग त्याच्या हाती आहे का? आणि आपली जागा त्यालाही दाखवायची आपली तयारी आहे का? तिन्हींची उत्तरे होकारार्थी असतील, तर ते लक्ष आहे. एकाही उत्तरापाशी जीभ अडखळली, तर ती पाळत आहे.

आपल्या जुन्या पत्रांची आठवण आपल्यापैकी अनेकांना असेल. प्रवासाला गेलेला माणूस मुक्कामी पोहोचला की 'सुखरूप पोहोचलो' असे चार ओळींचे कार्ड टाकी आणि शेवटी 'कळावे' असे लिही. त्या एका शब्दात लिहिणाऱ्याची इच्छा आहे: तुम्हांला कळावे म्हणून मी कळवतो आहे. कार्ड यायला चार दिवस लागत आणि घरी जीव टांगणीला लागे, हे खरे. आता ते चार दिवस चार सेकंदांवर आले, ही या यंत्राची मोठीच देणगी आहे. ती घ्यावी, पण कळवण्याचा हक्क ज्याचा त्याच्याकडेच राहू द्यावा.