शिवी एन.सी.त मावत नाही

(माढ्यात तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)

दोस्तांनो,

तुमच्यातले बरेचजण जयंतीला गावाकडं आलात. कोण पुण्याहून, कोण पिंपरी-चिंचवडहून, कोण सोलापूरच्या होस्टेलवरून. कुर्डुवाडीला गाडीतून उतरेपर्यंत तुम्ही 'सर' होता. वेशीच्या आत पाय टाकला की पुन्हा अमक्याचं पोरगं, अमक्या वस्तीतलं.

पण शहरात जात नाही असं कोणी म्हणत असेल, तर त्यानं एकदा भाड्यानं खोली शोधून बघावी. मी शोधली. घरमालकानं आधी आडनाव विचारलं. आडनावावरून कळेना तेव्हा गाव विचारलं. गावावरूनही कळेना तेव्हा मटण खाता का विचारलं. एवढ्यात माझा मोबाईल वाजला, स्क्रीनवर बाबासाहेब दिसले, आणि खोली 'कालच गेलेली' निघाली. मी जिना उतरून खाली आलो. गप्प. कारण कायदा माहीत नव्हता.

दुसरी गोष्ट. माझ्या चुलतभावाला चहाच्या टपरीसमोर, दहा-बारा माणसांदेखत जातीवरून आईबहिणीच्या शिव्या घातल्या. आम्ही ठाण्यात गेलो. अंमलदार म्हणाला, "किरकोळ हाय, मिटवून घ्या." आम्ही हटलो नाही, तेव्हा त्यानं एक कागद हातात दिला. एन.सी. म्हणजे अदखलपात्र. आम्हाला वाटलं केस झाली! तो कागद आमच्या पत्र्याच्या पेटीत अजून पडून आहे. त्यावर जातीचा एक शब्द नाही. टपरी आहे, तारीख आहे, बाचाबाची आहे. जात गायब.

म्हणून आज कायद्यावर बोलतो. मी वकील नाही. ठेच लागलेला माणूस आहे.

२० मार्च १९२७ आपल्याला पाठ आहे. चवदार तळं. पण १७ मार्च १९३७ किती जणांना पाठ आहे? त्या दिवशी मुंबई हायकोर्टानं चवदार तळ्याचा दावा आपल्या बाजूनं निकाली काढला. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करा, हा बोल्यांचा ठराव मुंबईच्या कौन्सिलात १९२३ साली झालेला. महाड नगरपालिकेनं १९२४ साली तळं खुलं केलं, तेही कागदावर. १९२७ साली आपली माणसं खरोखर पाण्याला भिडली, तेव्हा सवर्ण दिवाणी कोर्टात गेले आणि डिसेंबरात तात्पुरता मनाईहुकूम घेऊन आले. पुढं दहा वर्षं बाबासाहेबांनी तो दावा लढवला. समोरचे म्हणत होते, अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची रूढी अनादी काळापासून आहे. कोर्टानं विचारलं, पुरावा? तो नव्हता. तळं नगरपालिकेचं ठरलं.

यातून काय शिकायचं? ठराव नुसता कागद होता, माणसं तळ्यावर गेली तेव्हा तो जिवंत झाला. आणि नुसतं तळ्यावर जाऊनही भागलं नाही, कोर्टात दहा वर्षं तग धरावा लागला. रस्ता आणि कोर्ट, एक पाय इकडं, एक तिकडं. लंगडी घालून लढाई होत नाही.

आता आपल्या हातात काय काय आहे ते मोजू.

संविधानाच्या कलम १७ नं अस्पृश्यता संपवली, ती पाळणं गुन्हा ठरवला. दुकान, हॉटेल, विहीर, रस्ता कोणाला बंद करता येणार नाही, हे कलम १५ मध्ये आहे. त्यावर १९५५ चा कायदा आला. १९७६ साली तो कडक झाला आणि त्याचं नाव नागरी हक्क संरक्षण कायदा पडलं. त्यात कलम ४ आहे. कोणत्याही वस्तीत घर बांधणं, घेणं, त्यात राहणं, याला अस्पृश्यतेच्या कारणानं आडकाठी केली तर गुन्हा. म्हणजे तो जिना मी गप्प उतरायला नको होता. आणि कलम १२ तर घोटून पाठ करा. असा गुन्हा अनुसूचित जातीच्या माणसाबाबत घडला की तो अस्पृश्यतेच्या कारणानंच घडला असं कोर्टानं गृहीत धरायचं. तसं नव्हतं हे समोरच्यानं सिद्ध करायचं. शिक्षा मात्र एक ते सहा महिने कैद आणि शंभर ते पाचशे रुपये दंड. आमच्या माणूसपणाचा भाव पाचशे रुपये! तरी तक्रार करा. नोंदच नसली तर असं काही घडतच नाही म्हणायला हे मोकळे.

दुसरं हत्यार, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा, आपण ज्याला अॅट्रॉसिटी म्हणतो. ३० जानेवारी १९९० पासून लागू. २०१५ साली दुरुस्ती झाली, ती २६ जानेवारी २०१६ पासून अंमलात. लोकांदेखत जातीचं नाव घेऊन शिवी दिली, गुन्हा. पाणवठा, स्मशान, रस्ता, मिरवणूक, देऊळ अडवलं, गुन्हा. किराणा बंद, मजुरी बंद, दळण बंद असा बहिष्कार घातला, किंवा नुसती तशी धमकी दिली, तरी गुन्हा. जमीन बळकावली, गुन्हा. शिक्षा बहुतेक ठिकाणी सहा महिने ते पाच वर्षं.

पण हा कायदा आंधळेपणानं वापरता येत नाही. आरोपी अनुसूचित जाती-जमातीबाहेरचा असावा लागतो. शिवीच्या गुन्ह्यात 'लोकांदेखत' हा शब्द फार मोलाचा. चार भिंतींच्या आत, बाहेरचं कोणी नसताना दिलेली शिवी यात बसत नाही, असं सुप्रीम कोर्टानं २०२० साली सांगितलं. म्हणून फिर्यादीत लिहा: जागा कोणती, वेळ काय, कोण कोण उभं होतं, नेमका शब्द कोणता. शब्द घाण आहे म्हणून गाळू नका. लाज त्यानं वाटून घ्यावी, आपण नाही. आणि एक सांगतो. बौद्ध झालो म्हणून हे कायदे आपल्याला नाहीत, असं कोणी सांगितलं तर त्याला १९९० ची दुरुस्ती दाखवा. जातीचा दाखला तेवढा वेळेत काढून ठेवा.

ठाण्यात गेल्यावर काय करायचं? पेन काढून लिहून घ्या.

अर्ज देऊन परत येऊ नका, एन.सी. घेऊन तर मुळीच नको. एफ.आय.आर. घ्या. पूर्वी फौजदारी संहितेचं कलम १५४ होतं, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं १७३ आहे. हद्द आमची नाही म्हणाले तरी नोंद करावीच लागते. फिर्याद वाचून दाखवल्याशिवाय सही नको. प्रत फुकट मिळते, तिथल्या तिथं. गुन्हा नोंदवण्याआधी चौकशीची गरज नाही, हे कलम १८ अ मध्ये लिहिलंय. तपास डीवायएसपीच्या खालच्या माणसानं करायचा नाही, साठ दिवसांत दोषारोपपत्र गेलं पाहिजे. नोंद घेतच नसतील तर लेखी तक्रार पोस्टानं एस.पीं.ना पाठवा आणि पावती जपा. तरी नाही झालं तर थेट कोर्ट. आणि कर्तव्यात मुद्दाम कुचराई करणाऱ्या सरकारी नोकराला कलम ४ खाली सहा महिने ते वर्षभर कैद आहे. हे साहेबाला नम्रपणे सांगा. आवाज चढवू नका, कलम चढवा.

वकिलाला पैसे नाहीत? १९८७ च्या कायद्यानं अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, तालुक्याच्या विधी सेवा समितीकडं अर्ज करा. नुकसानीची सरकारी मदत समाजकल्याण खात्याकडून हप्त्यानं मिळते, पहिला हप्ता निकालाची वाट बघत नाही. आरोपीच्या जामिनाच्या वेळी आपल्याला नोटीस मिळाली पाहिजे, आपलं म्हणणं ऐकलं गेलं पाहिजे, हा कलम १५ अ चा हक्क आहे. साक्षीला जायचं भाडंही मिळतं.

आता कडू बोलतो. खाजगी कंपनीत मुलाखतीला आडनाव बघून बाजूला काढलं तर त्यासाठी या देशात सरसकट असा कायदा नाही. ती लढाई अजून व्हायचीय. आणि जिथं कायदा आहे तिथंही तो आपोआप चालत नाही. खैरलांजी, २९ सप्टेंबर २००६. एका कुटुंबातली चार माणसं मारली. २००८ साली भंडाऱ्याच्या कोर्टानं शिक्षा दिल्या, पण अॅट्रॉसिटी लागू धरली नाही. जात सगळ्या महाराष्ट्राला दिसली, निकालात दिसली नाही. जामखेड तालुक्यातलं खर्डा, एप्रिल २०१४. शाळेतलं पोर मारलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी सुटले. साक्षीदार फुटले होते.

साक्षीदार का फुटतो? तो हरामखोर असतो म्हणून नाही. त्याचं शेत त्यांच्या बांधाला लागून असतं. त्याचा ऊस त्यांच्या टोळीनं तोडायचा असतो. कोर्टाची तारीख तिकडं आणि रोजगार इथं, हे किती वर्षं चालेल? म्हणून शहरातल्या पोरांनो, तुमचं काम इथं आहे. फिर्यादीच्या दिवशी पन्नासजण येता, घोषणा देता, फोटो काढता. तिसऱ्या वर्षीच्या तारखेला कोण असतं? म्हातारी आई आणि तिची पिशवी.

कायदा आपल्याला कोणी दान दिला नाही आणि तो आपल्या हातात राहील याची हमीही नाही. २० मार्च २०१८. पुन्हा तीच तारीख बघा! कराडच्या एका सरकारी कॉलेजातल्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं अॅट्रॉसिटीचे दात काढले. आधी चौकशी, आधी परवानगी. २ एप्रिलला देश बंद झाला, माणसं मेली. ऑगस्टमध्ये संसदेनं १८ अ आणलं, ऑक्टोबर २०१९ मध्ये कोर्टानं स्वतःचे ते हुकूम मागं घेतले, फेब्रुवारी २०२० मध्ये १८ अ वैध ठरवलं. रस्ता आणि कोर्ट. महाडचाच धडा, एक्याण्णव वर्षांनी.

तेव्हा दोस्तांनो, आज जाताना एक करा. पाचजणांनी नावं द्या. तालुक्यात केस झाली की फिर्याद वाचायला एक, साक्षीदाराच्या घरी बसायला दोन, तारखेला जायला दोन. एवढंच. पहिलं नाव माझं. पत्र्याच्या पेटीतला तो कागद मी सोबत आणलाय. त्याच्या पाठीमागं ही नावं लिहू. निदान एवढ्या कामाला तरी ती एन.सी. येऊ द्या.

जय भीम.