कायद्याला धनी नाहीं

(गांवच्या शाळेंत शेतकरी व कारागीर पालकांपुढें केलेलें भाषण)



आपल्या वाडवडिलांना शास्त्र वाचण्याची मनाई होती. पण शास्त्रानें सांगितलेलें प्रायश्चित्त मात्र त्यांना चुकत नसे. पोथी एकाच्या घरांत आणि दंड साऱ्या गांवाला! ही रीत मोडावी म्हणूनच जोतीराव फुल्यांनीं १८४८ सालीं पुण्यांत मुलींची शाळा काढली व १८७३ सालीं सत्यशोधक समाज स्थापिला.

पण त्या पोथीची जागा उद्यां कायद्याच्या पुस्तकानें घेतली तर? हा प्रश्न अमेरिकेंतहि उठला. त्याची हकीकत सांगतों.

तेथें जॉर्जिया नांवाचें राज्य आहे. राज्याचे कायदे आणि कोर्टांनीं त्यांचा काय अर्थ लावला याच्या टिपा, असा मिळून तेथील सरकारी ग्रंथ. छापण्याचें काम खाजगी कंपनीकडे, किंमत २०२० सालीं ४१२ डॉलर होती. नुसतीं कलमें फुकट पाहतां येत; टिपांना मात्र पैसे. तुम्ही म्हणाल, टिपांवांचून काय अडलें? अहो, एखादें कलम कोर्टानें घटनाबाह्य ठरविलें तरी तें पुस्तकांत तसेंच राहूं शकतें. तें मेलेलें आहे हें टीपच सांगते. म्हणजे पैसेवाला शहाणा होतो आणि गरीब मेलेल्या कलमाला भीत बसतो!

कार्ल मालामुड या गृहस्थांनीं २००७ सालीं नफा न घेणारी 'पब्लिक रिसोर्स' ही लहानशी संस्था काढली. त्यांनीं या ग्रंथाचे पुरवण्यांसह १८६ भाग विकत घेतले, पान न् पान संगणकावर उतरविलें आणि इंटरनेटवर सर्वांना फुकट खुलें केलें. झालें! २०१५ सालीं राज्यानेंच त्यांच्यावर फिर्याद केली कीं, ग्रंथाचा हक्क आमचा. २०१७ सालीं खालच्या कोर्टांत संस्था हरली, पण हटली नाहीं. २०१८ सालीं वरच्या कोर्टांत जिंकली. अखेर २७ एप्रिल २०२० रोजीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं निकाल दिला कीं, कायदा करणाऱ्यांनीं त्या कामांत लिहिलेल्या मजकुरावर मालकी सांगतां येत नाहीं. टिपाहि त्यांतच आल्या. एका मताचा फरक, बांधवांनो!

आतां आपलें घर पाहूं. आपल्याकडे १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आहे. स्त्रिया, मुलें, अनुसूचित जातीजमातींचे लोक, अपंग, कारखान्यांतील कामगार व कोठडींतील माणूस यांना सरकारी खर्चानें वकील मिळतो. इतरांना उत्पन्न ठराविक मर्यादेखालीं असेल तर मिळतो. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. हें आपल्यांतील कितीजणांस ठाऊक होतें? ग्रंथ खुला झाला तरी वाचणारा नसेल तर तो बंदच.

मी वकील नव्हे, पण अक्षर ओळखतों. दर बाजारच्या दिवशीं दिवेलागणीला याच शाळेंत एकेक कायदा मराठींत मोठ्यानें वाचूं. बायांनीं अवश्य यावें. घरांत जो कागद समजत नसेल, तो अंगठा उठविण्यापूर्वीं बरोबर आणावा.